टिंबापुढचे आकडे

आत्यानं कारखाना बंद करायचं ठरवलं आणि ती बातमी जगाला कळवायचं काम आलं खटपट्याकडे.

"वेबसाइटवर चार ओळी टाक," ती फोनवर म्हणाली. "यापुढे कुणी मापं पाठवू नयेत, आजवर विश्वास ठेवलात, आभारी आहे. बस. रडगाणं नको."

"अगं पण अचानक का?"

"हात राहिले नाहीत रे आता. डोळेही. कधीतरी जायचेच होते. साचे आज देऊन टाकतेय, पाच वाजता चामडंकाम शिकवणाऱ्या शाळेची गाडी येईल न्यायला." आणि तिनं फोन ठेवला. आत्याचा फोन असाच असायचा, सांगायचं ते सांगून मोकळी.

खटपट्या हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी त्यानं घरातला रेडिओ उघडला, मग घड्याळ उघडलं, आणि दोन्ही परत लावल्यावर चार स्क्रू उरले, तेव्हा आत्यानंच हे बारसं केलं होतं. आता तो चाळिशीला टेकला होता आणि वीस-पंचवीस लहानसहान धंद्यांच्या वेबसाइटी सांभाळत होता. स्क्रू अजूनही उरायचे. फक्त आता ते दिसायचे नाहीत.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक मोठी खिडकी आणि एकटी आत्या. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो अशांसाठी ती बूट करायची. पहिला बूट तिनं सख्ख्या भावासाठी केला, म्हणजे खटपट्याच्या वडिलांसाठी. त्यांचा डावा पाय दीड सेंटिमीटर आखूड होता. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि त्या बुटासाठी तिनं आईची चांगली चामडी पिशवी कापली होती. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते सोडा, पण भाऊ न लंगडता दारापर्यंत चालत गेला आणि सगळे गप्प बसले. त्यानंतर पन्नास वर्षं ती हेच करत आली. तिचं एक ठाम मत होतं आणि ते ती येईल त्याला ऐकवायची: माणूस खोटं बोलेल, डॉक्टर चुकेल, पण पाय खोटं बोलत नाही.

लांबलांबच्या लोकांना माप पाठवता यावं म्हणून खटपट्यानंच तिला वेबसाइट करून दिली होती. गिऱ्हाइकानं पानावरच्या रकान्यांत आकडे भरायचे: पायाची लांबी, पंजाची रुंदी, तळ किती उंच हवा. मग आत्याच्या टेबलावरच्या प्रिंटरमधून एक कागद बाहेर यायचा. आत्या तो कागद खिळ्याला अडकवायची आणि कामाला लागायची.

तर, चार ओळी. पाच मिनिटांचं काम. खटपट्यानं सूचना दाखवणारं एक छोटं प्लगिन चढवलं, म्हणजे वेबसाइटला वरून जोडायचा एक सुटा भाग, आणि पान उघडून बघितलं. पान पांढरंफटक. सूचना नाही, बुटांचे फोटो नाहीत, काही नाही.

असं झालं की काय करायचं ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. सगळी प्लगिनं बंद करायची, मग एकेक चालू करत जायचं, ज्याला हात लावल्यावर पान मरेल तो गुन्हेगार. सहावं प्लगिन चालू केलं आणि पान मेलं. ते होतं मापं घेणारं. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं लिहून फुकट वाटलेलं आणि नंतर वाऱ्यावर सोडलेलं. त्याचं आणि नव्या प्लगिनचं जमत नव्हतं. का जमत नाही ते बघावं म्हणून त्यानं वेबसाइट आपल्या चुका टिपून ठेवते ती नोंदवही उघडली.

नोंदवहीत एकच ओळ होती. शेकडो वेळा. एकाखाली एक, आठ महिन्यांपासून: आकड्याचा अपूर्णांक भाग वगळला जात आहे.

त्यानं ती ओळ दोनदा वाचली. मग पहिल्या नोंदीची तारीख बघितली. ती तारीख त्याच्या लक्षात होती.

त्या दिवशी तो आठवडाभराच्या सुट्टीवर निघाला होता. बायको बॅग घेऊन दारात उभी, आणि पडद्यावर तो लाल आकडा: वेबसाइटच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे. त्याचा स्वतःचा नियम होता की नवी आवृत्ती आधी वेबसाइटच्या नकलेवर चढवायची, दोन दिवस बघायचं, मगच खऱ्या जागी हात लावायचा. हा नियम तो दुसऱ्यांना बोट नाचवून सांगायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. "एक मिनिट," तो बायकोला म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.

प्रवासात आत्याचा फोन आला. "पानावर पिवळी पट्टी आलीय. इंग्रजीत काहीतरी लिहिलंय." त्यानं सांगितलं, काही नाही, किरकोळ आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी त्यानं पाण्यात पाय सोडून बसल्याबसल्या फोनवरूनच इशारे दाखवणं बंद करून टाकलं.

"गेली का पट्टी?"

"गेली," आत्या म्हणाली. "हुशार आहेस."

पट्टी गेली होती. पट्टी जे ओरडून सांगत होती ते तिथंच होतं.

आता त्यानं उघडून बघितलं तेव्हा प्रकार अगदी साधा निघाला. त्या हौशी माणसानं मापाच्या रकान्यावर चुकून 'पूर्ण संख्या' अशी पाटी लावून ठेवली होती. जुनं सॉफ्टवेअर पाटीकडे बघतच नव्हतं, जे येईल ते आत घ्यायचं. नवं नियमाचं पक्कं. पाटी वाचायचं आणि टिंबापुढचं सगळं बाहेर ठेवून आत घ्यायचं. दोन पूर्णांक पाचचे दोन. तेवीस पूर्णांक नऊचे तेवीस. गिऱ्हाइकाला जी पोच जायची तिच्यात त्यानं लिहिलेलं माप जसंच्या तसं असायचं, कारण ती पाटीच्या आधीच निघून जायची. आत्याच्या कागदावर उरलेलं यायचं. दोघांनाही आपापला कागद बरोबर दिसत होता.

त्यानं पोचांची यादी एका बाजूला घेतली आणि आत्याला गेलेले कागद दुसऱ्या बाजूला. त्रेसष्ट मागण्या. त्यांतल्या पाचांचं माप मुळातच पूर्ण होतं, ते सुटले. बाकी अठ्ठावन्न पायांना त्याच्या एका मिनिटानं कात्री लावली होती. सगळ्यात वाईट होतं ते एका नऊ वर्षांच्या मुलीचं. तळाची उंची हवी होती एक पूर्णांक आठ. आत्याच्या कागदावर होतं, एक.

आणि त्याहून वाईट काय ते त्याला तेव्हाच आठवलं. चार-पाच महिन्यांपूर्वी आत्या फोनवर म्हणाली होती, "काय रे, हल्ली लोकांचे पाय फार शहाणे झालेत. कुणी सव्वाचा नाही, दीडचा नाही, अडीचचा नाही. सगळे कसे एक, दोन, तीन."

तो काय म्हणाला होता? "डॉक्टरांकडे हल्ली सुट्टे नसतात आत्या." आणि दोघंही हसले होते.

ज्या घरात दीड सेंटिमीटरवर सगळं आयुष्य उभं राहिलं, त्या घरातला पोरगा तो. त्याला तेव्हा कळायला हवं होतं. तो हसला होता.

दुरुस्तीला तीस-चाळीस मिनिटं लागली. या वेळी त्यानं आधी नक्कल केली, तिच्यावर बघितलं, मग खऱ्या जागी बदललं. चोर गेल्यावर कुलूप. पाटी काढली, टिंब आत येऊ लागलं, सूचनेचं प्लगिनही मुकाट्यानं चाललं. सूचना लिहायचा रकाना रिकामा समोर होता.

त्या रिकाम्या रकान्यासमोर बसून त्याच्या मनात जे आलं ते काही चांगलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नाही तर? आत्याला म्हणायचं, अजून चार महिने काम कर, माझ्यासाठी. मापं बरोबर येतील, बूट बरोबर होतील, तिला वाटेल हात परत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती खूश, लोक खूश, आणि आपण करून सवरून नामानिराळे. हे सगळं त्याला इतकं पटापट सुचलं की त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्याला त्या अठ्ठावन्न लोकांची आठवण झाली. ते आत्ता याच घटकेला कुठंतरी चालत होते.

त्यानं लॅपटॉप बगलेत मारला आणि निघाला. तीन वाजत आले होते.

कारखान्यात आत्या जमिनीवर बसून लाकडी साचे वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मोठ्यांचे साचे एका खोक्यात, मुलांचे दुसऱ्यात. नाकावर नवाकोरा चष्मा होता.

"आलास? पोत्यातली सुतळी दे. सूचना टाकलीस?"

"नाही. आत्या, जरा ऐक. तुझे हात गेले नाहीयेत. वेबसाइटमध्ये घोळ झाला होता. मापं चुकीची येत होती तुझ्याकडे."

आत्यानं मान वर केली. त्याच्याकडे बघता बघता तिचा चेहरा मऊ झाला, आणि तिथंच त्याच्या लक्षात आलं की हे सोपं जाणार नाही.

"तू लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "माझ्या हातून बशी फुटली की म्हणायचास, मी फोडली."

"बशी नाही ही. खरंच माझी चूक आहे."

"बरं. तुझी." तिनं पुढचा साचा उचलला. "हे बघ, तक्रारी यायला लागल्या तशी मी सगळं करून बघितलंय. त्या फळीवर लाल बूट आहेत ना, ते एका लहान मुलीचे. परत आले, म्हणाले आखूड वाटतो. मी पट्टी लावली. कागदाशी जुळत होतं. तरी मी दुसरा जोड केला, जीव ओतून केला. आईचं पत्र आलं, अजून तशीच चालते, असू दे, तुम्हाला आता त्रास देत नाही. दोनदा केले आणि दोनदा चुकले. आता तू सांग. पाय खोटं बोलत नाही. कागद तुझा. मग राहिलं कोण? मला पट्टीवरच्या रेघासुद्धा धड दिसत नाहीत, दुसरं काय. डॉक्टर म्हणाला डोळे ठीक आहेत, तरी चष्मा करून घेतला. काही फरक नाही."

कागद तुझा. हे दोन शब्द ती अगदी सहज बोलली. तिनं पन्नास वर्षांच्या हातांवर शंका घेतली होती, डोळ्यांवर घेतली होती. भाच्याच्या कागदावर तिला शंका घ्यावीशीच वाटली नव्हती.

त्यानं लॅपटॉपवर नोंदवही उघडून तिच्यासमोर धरली. तिनं चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "मला यातलं काय कळतंय? उद्या तू यात ज्ञानेश्वरीही दाखवशील."

मग एकच उपाय उरला. टेबलावरच्या तिच्या जुन्या संगणकासमोर बसून त्यानं दुपारी काढलेली ती पाटी पुन्हा लावली. आयुष्यात पहिल्यांदाच तो धड चालणारी वस्तू मुद्दाम मोडत होता. मग तो उठला.

"बस इथं. गिऱ्हाईक समज स्वतःला. बाबांचं माप भर."

आत्या नाखुशीनंच बसली. एका बोटानं, सावकाश, तिनं उंचीच्या रकान्यात एक लिहिलं, टिंब दिलं, पाच लिहिलं. खालचं बटण दाबलं. प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला. तिनं तो उचलून खिडकीपाशी नेला.

कागदावर एक होतं.

ती परत येऊन बसली. दोन पूर्णांक सहा भरलं, दोन आलं. तेवीस पूर्णांक नऊ भरलं, तेवीस आलं. मग तिनं फळीवरून तो लाल बूट काढला, पट्टी लावली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"एक," ती म्हणाली. "बरोबर एक. केसाचाही फरक नाही."

"एक सांगितलं तर तू एकच केलंस. दोन्ही वेळा. तिला हवं होतं एक पूर्णांक आठ."

"कधीपासून?"

"आठ महिने. ती पिवळी पट्टी आठवते? ती हेच सांगत होती. मी तिला गप्प केलं."

आत्यानं बूट मांडीवर ठेवला. "मी तुला विचारलं होतं रे. अडीचचे पाय कुठं गेले म्हणून."

"हो."

"मग?"

"मी विनोद केला."

"मीही हसले होते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तो शिव्यांची वाट बघत होता. त्याला त्या हव्या होत्या, दोन कानाखाली मिळाल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. पण आत्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, कोपऱ्यातला चामड्याचा तुकडा ओढला, रापी घेतली आणि रेघ न मारता एक लांब पट्टी कापली. ती उजेडात धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. मग ती स्वतःशीच हसली. तिनं आणखी एक पट्टी कापली, काही गरज नसताना, आणि तीही धरून बघितली. तिचा तो आनंद बघून खटपट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाडी नको म्हणून सांग शाळेला," ती म्हणाली. "आणि तो चष्मा तू वापर, तुला गरज आहे. पण आधी ते नीट कर, काय मोडलंस ते."

त्यानं नीट केलं. तिनं पुन्हा एक टिंब पाच भरून बघितलं, कागदावर दीड आलं, तेव्हाच ती उठली. मग तिनं यादी मागितली. अठ्ठावन्न नावं तिनं बोट फिरवत वाचली आणि कागद त्याच्या हातात परत दिला.

"एकेकाला फोन करायचा. आत्ता, इथं, माझ्यासमोर बसून. ते मेल-बिल नको. आणि सिस्टीममध्ये अडचण आली होती, असलं काही म्हणायचं नाही. अडचण येत नसते, कुणीतरी आणत असतं. कुणी बटण दाबलं ते सांगायचं. या मुलीपासून सुरू कर, तिचा पाय वाढता आहे."

फोन मुलीच्या आईनं उचलला. त्यानं सांगितलं. आपण कोण, बटण कधी दाबलं, टिंबापुढचा आठ कसा गळला, बूट कसा आठ मिलिमीटर आखूड झाला. बोलताना मध्ये दोनदा 'सॉफ्टवेअरनं' असा शब्द तोंडात आला आणि दोन्ही वेळा आत्यानं रापीवरून नजर वर केली. त्यानं तो गिळला. सगळं सांगून तो थांबला.

"ती सांगत होती," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगत होती, हा बूट आखूड आहे. मी पोच काढून बघितली. एक पूर्णांक आठ, स्वच्छ लिहिलेलं. दुसरा जोड आल्यावरही तेच म्हणायला लागली, तेव्हा मी म्हटलं, आता नाटकं पुरे. नीट चाल. लक्ष नसतं तुझं." ती थांबली. "दोन महिने झाले. रोज सकाळी शाळेत जाताना म्हणते मी तिला हे. हल्ली ती काही सांगतच नाही."

"चूक माझी आहे," खटपट्या म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग?" आई म्हणाली. "तिला सांगा तुम्ही. माझ्याच्यानं होणार नाही."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. "हॅलो," एक बारीक, सावध आवाज म्हणाला.

"तुझे लाल बूट आहेत ना," तो म्हणाला, "ते आखूड होते. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

"दोन्ही?"

"दोन्ही. तुझं माप आत्याकडे पोचायच्या आधी मी बिघडवून ठेवलं होतं. तिला माहीत नव्हतं, तुझ्या आईला माहीत नव्हतं. माझ्यामुळं झालं."

"म्हणजे मी नाटक नव्हते करत?"

"नाही. अजिबात नाही."

समोर आत्यानं नवा तळ उभा धरून त्याच्या कडेवर बारीक खूण केली, एक पूर्णांक आठवर, आणि वाकून पुन्हा एकदा पट्टीवर वाचलं, चष्म्याशिवाय.

"मग हे आईला सांगा," मुलगी म्हणाली.

"सांगितलं मी. आत्ताच सांगितलं."

"नाही, परत सांगा. मी पण ऐकते. फोन स्पीकरवर टाकते. आणि थांबा जरा, बाबांना पण बोलावते."

तो थांबला. पलीकडून एकसारखी न पडणारी पावलं लांब गेली, एक जोरात, एक हलकं, आणि थोड्या वेळानं तशीच परत आली. त्यांच्यामागून आणखी कुणाची तरी आली. खुर्ची सरकली.

"हं," मुलगी म्हणाली. "सुरुवातीपासून सांगा."

खटपट्यानं घसा साफ केला आणि बटण दाबलं तिथपासून सांगायला लागला.